भिलाई पोलाद कारखाना : प्रगती व समस्या

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यातील सार्वजनिक क्षेत्रातील प्रकल्प. भांडवल व तंत्रज्ञान यांची चणचण असलेल्या भारताने 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएट संघाशी करार करून तो उभारला. तेव्हा भिलाई नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रारंभिक वार्षिक क्षमता 10 लाख टन होती. येथे 130 मी. लांबीचे अखंड रूळ लाटले जातात; दोन रूळ जोडून 260 मी.चे रूळ रेल्वेला पुरवतात.

कारखान्याला लागणारे दल्ली-राजहरा खाणींतील लोहखनिज घटत असल्याने रावघाट येथील खाणींवर भिस्त वाढली. मात्र दुर्गम वनप्रदेश व नक्षलवादी हिंसाचार यांमुळे तेथील लोहमार्ग व खाणकाम रखडले. दुसरीकडे कारखान्यातील कायम नोकऱ्या कमी होऊन कंत्राटी मजुरी वाढली. परिसरातील कंत्राटी कामगारांच्या हक्कांसाठी झटणारे शंकर गुहा नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत हत्या झाली. कारखान्यात 2014 व 2018 मध्ये प्राणघातक दुर्घटनाही घडल्या. उत्पादनक्षमतेइतकेच कामगारांच्या सुरक्षिततेला व रास्त वेतनाला महत्त्व दिले, तरच अशा औद्योगिकीकरणाचा हेतू सफल होईल.