सालबाईचा तह: श्रेय कोणाचं, जामीन कोण?



गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका गावात दोन बचत गटांचं भांडण मिटलं. मिरची कांडपाच्या यंत्रावरून दीड वर्ष दोन्ही गटांतल्या बाया एकमेकींच्या दारावरून जात नव्हत्या. शेवटी बैठक झाली, यंत्राच्या पाळ्या ठरल्या, सह्या-अंगठे झाले. आम्हा समन्वयकांना वाटलं, सुटलो एकदाच्या! तर पुढच्याच बैठकीत नवा वाद सुरू. भांडण मिटवलं कोणी? एका गटाच्या अध्यक्ष म्हणाल्या, "पुढाकार आमचा." दुसऱ्या गटाच्या सचिव म्हणाल्या, "आम्ही अडून बसलो म्हणून पाळ्या सारख्या झाल्या." इतिवृत्तात कोणाचं नाव आधी लिहायचं यावर तासभर गेला.

परत येताना आम्हाला इतिहासातला असाच एक वाद आठवला. तो आहे सालबाईच्या तहाचा. १७ मे १७८२ या दिवशी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी मराठे आणि इंग्रज यांच्यात हा तह झाला. सात वर्षांचं वैर त्या कागदानं थांबलं. त्याचं श्रेय महादजी शिंद्यांचं की नाना फडणवीसांचं, यावर माणसं अजून भांडतात. आज तीच गोष्ट सांगतो.

सुरुवात झाली घरातल्या भांडणापासून. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर चुलते रघुनाथराव बसले. पण नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांनी, ज्यांना बारभाई म्हणतात, तिला पुरंदर किल्ल्यावर नेलं. सोबत होत्या पार्वतीबाई, म्हणजे पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. १८ एप्रिल १७७४ ला गंगाबाईला मुलगा झाला, तो सवाई माधवराव. चाळीस दिवसांचं लेकरू पेशवा झालं. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले आणि १७७५ मध्ये सुरतेला त्यांनी साष्टी आणि वसई देण्याचं लिहून दिलं. घरचं भांडण परक्याच्या दारात नेलं की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

मग लढाया झाल्या. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज पुण्यावर चालून आले, तेव्हा त्यांना दाणागोटा मिळू नये म्हणून मराठ्यांनी तळेगाव रिकामं करून जाळलं. वडगावला इंग्रजांना शरण यावं लागलं. पण पुढच्या वर्षी त्यांनी अहमदाबाद घेतलं, ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, वसईही घेतली. १७८१ मध्ये ते बोरघाटापर्यंत आले आणि मार खाऊन मागे फिरले. दोन्हीकडे खजिना आटला होता.

आता तह घडला कसा, ते बघा.

नाना फडणवीस तलवारीचे नव्हते, कागदाचे आणि हिशेबाचे. १७८० मध्ये त्यांनी पुणे, म्हैसूरचे हैदर अली, हैदराबादचे निजाम आणि नागपूरचे भोसले अशी चौघांची मोट बांधली. निजाम आणि भोसले पुढे ढिले पडले, पण हैदरनं दक्षिणेत इंग्रजांची झोप उडवली. कलकत्त्याचे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांना दोन आघाड्यांवर लढणं जमेना. ते तहाला आले ते प्रेमानं नाही, अडचणीत सापडून. ही अडचण तयार करण्यात नानांचा हात मोठा.

महादजींचं काम वेगळं. पानिपतात पायाला जखम होऊन ते कायमचे अधू झाले, पण घोड्यावरून उतरले नाहीत. १७८१ मध्ये मध्य हिंदुस्थानात ते इंग्रजांशी लढले, हार-जीत दोन्ही पाहिली आणि ऑक्टोबरात कर्नल म्यूर यांच्याशी आधी स्वतःपुरता समेट केला. त्यातच कबूल केलं की पुणे आणि इंग्रज यांच्यातली बोलणी मी घडवतो. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन आले. तहात १७ कलमं होती. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख परत मिळाला, वसईही आली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. इंग्रजांनी रघुनाथरावांची पाठ सोडायची आणि त्यांना पुण्याकडून महिना २५ हजार रुपये मिळायचे, असं ठरलं. गंगाबाईच्या मुलाची गादी पक्की झाली.

कागद झाला, पण पुण्याची मोहोर उमटेना. नानांनी महिनोन्महिने तो तसाच ठेवला. हैदर अजून लढत होता, आणखी काही पदरात पडेल, साष्टीही सुटेल, असा त्यांचा हिशेब होता. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला. त्यानंतरच पुण्यानं तह मान्य केला आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये कागदांची देवाणघेवाण झाली.

महादजींवर आक्षेप असा की यात त्यांनी स्वतःचंही साधून घेतलं. इंग्रजांनी भडोच त्यांना दिलं, उत्तरेत त्यांचा हात मोकळा झाला. नानांवर आक्षेप असा की ज्या हैदरच्या जोरावर तह पदरात पडला, त्यालाच जिंकलेला मुलूख सोडायला लावायचं कलम त्यांनी मान्य केलं. दोन्ही आक्षेप खरे आहेत.

तरी आम्हाला विचाराल तर आम्ही महादजींचं नाव आधी लिहू, आणि त्याचं कारण तुम्हाला कुठल्याही इतिहासकाराहून जास्त कळेल. या तहाला महादजी जामीन राहिले. दोन्ही बाजूंनी तह पाळला जाईल, याची हमी त्यांनी स्वतःवर घेतली. जामीन राहणं म्हणजे काय, हे गटातल्या बाईला शिकवावं लागत नाही. एकीचा हप्ता चुकला की दहाजणींच्या पोटात गोळा येतो. सही करून घरी जाता येतं, जामीन राहून जाता येत नाही.

आणि ही हमी किती मोलाची होती, ते आपल्याच शेजारी दिसतं. सुमारे वीस वर्षं पुणे आणि इंग्रज यांच्यात युद्ध झालं नाही. १७९४ मध्ये महादजी गेले, १७९५ मध्ये सवाई माधवराव, १८०० मध्ये नाना. तह सांभाळणारं कोणी उरलं नाही. रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव बापासारखेच इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला सही करून बसले. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या शेजारच्या असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचं सैन्य इंग्रजांपुढे हरलं. जखमी इंग्रज शिपायांना अजिंठ्याला आणून ठेवलं होतं. वर्ष संपता संपता झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहात अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा जालना, गंगापूरसकट सगळा मुलूख शिंद्यांच्या हातून गेला. सालबाईला जे राखलं, ते आपल्या दारात गेलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. या सगळ्या भांडणाचा दोष कोणाच्या माथी आहे? आनंदीबाईंच्या. 'ध चा मा' कोणी केला म्हटलं की शाळकरी पोरसुद्धा त्यांचं नाव घेतं, मग ती सांगोवांगीची गोष्ट का असेना. पण तह कोणामुळे झाला म्हटलं की सगळी नावं पुरुषांची. नवऱ्याचा खून झालेला असताना पुरंदरावर पोटातला जीव जपणारी गंगाबाई तर तहाआधीच, १७७७ मध्ये, वारली. ती नसती तर नानांनी कोणाच्या गादीसाठी एवढं केलं असतं? तळेगावच्या ज्या बायांनी जातं-चूल सोडून गाव रिकामं केलं, त्यांची नावं तर कुठेच नाहीत.

म्हणून त्या गावच्या पुढच्या बैठकीत आम्ही एक सुचवलं. इतिवृत्तात पुढाकार कोणाचा ते लिहा, अडून कोण बसलं तेही लिहा. भांडणाच्या काळात दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणाऱ्या दोन सुना होत्या, त्यांचीही नावं लिहा. आणि शेवटी एक ओळ मोकळी ठेवा: उद्या पाळी चुकली, तर जामीन कोण?

बाकीच्या ओळी भराभर भरल्या. त्या ओळीपाशी सगळ्या गप्प झाल्या. मग जी बाई दीड वर्ष सगळ्यात जास्त भांडली होती, तीच म्हणाली, "माझं लिहा."

येतो आम्ही. पुढच्या वेळी भेटू.