विजेत्याच्या माथी भार

जिंकणाऱ्याने पुढल्या शर्यतीस अधिक ओझे घेऊन उतरावे, हा दस्तूर घोड्यांच्या शर्यतींत जुनाच आहे. महालक्ष्मीच्या वा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्यांनी कधी हँडिकॅपचे कोष्टक हाती धरले असेल, त्यांना चांगल्या घोड्याच्या पाठीवर वजन का चढते हे सांगण्याची गरज नाही. परंतु जिच्यातील एकेक किलो घटविण्यासाठी अभियंते रात्रीचा दिवस करतात, त्या मोटारीत जय मिळाला म्हणून धातूच्या पट्ट्या बोल्टने जखडाव्यात, आणि हीच तजवीज एका राष्ट्रीय अजिंक्यपदाचा पाया होऊन बसावी, हे जपानात घडले. आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास ते वेगाच्या हव्यासापेक्षा कंटाळ्याच्या धास्तीत अधिक सापडते.

1990 ते 1993 या चार हंगामांत तेथील 'ग्रुप ए' टूरिंग शर्यतींवर निसानच्या स्कायलाइन जीटी-आर या मोटारीचा असा एकछत्री अंमल होता, की भाग घेतलेल्या 29 पैकी 29 शर्यती तिने जिंकल्या. या मोटारीचे कुळही साधे नव्हे. 1964 च्या मे महिन्यात सुझुका येथे, पुढे निसानमध्ये विलीन झालेल्या प्रिन्स कंपनीने आपल्या चार सिलिंडरांच्या स्कायलाइनचे नाक 200 मिलिमीटर लांबवून तीत सहा सिलिंडरांचे इंजिन बसविले होते, आणि त्या ओढूनताणून लांब केलेल्या गाडीने पोर्श 904 सारख्या जातिवंत स्पर्धकास क्षणभर का होईना मागे टाकले, तेव्हापासून जपानी प्रेक्षकांच्या मनात ती घर करून होती. पण लाडक्याचा जयही दर खेपेस ठरलेलाच असला, की तिकीट काढून बसणारा जांभया देऊ लागतो. त्यातच प्रोटोटाइप मोटारींचे खर्चिक अजिंक्यपद 1992 अखेर बंद पडले, आर्थिक फुगाही फुटला होता, आणि निर्मात्यांचा हात आखडला होता.

अशा पडत्या काळात, 1993 साली, अखिल जपान ग्रँड टूरिंग कार अजिंक्यपद सुरू झाले. पहिल्या वर्षी गाड्या अपुऱ्या होत्या. खरा बंदोबस्त 1994 पासून लागला. मोटारींचे दोन दर्जे ठरले, आणि 1996 पासून त्यांना जीटी500 व जीटी300 ही नावे मिळाली, ती इंजिनाच्या अश्वशक्तीच्या ढोबळ मर्यादेवरून. दोन्ही दर्जे एकाच वेळी, एकाच मार्गावर धावतात. म्हणून मागून येणारी गाडी कोणत्या दर्जाची हे आरशात चटकन कळावे यासाठी पहिल्यांचे दिवे पांढरे आणि दुसऱ्यांचे पिवळे.

भाराचा हिशेब अलीकडच्या जीटी500 नियमांत असा, की मिळालेल्या दर गुणामागे दोन किलो. विजेत्यास 20 गुण, सबब एकाच जयाने 40 किलो अंगावर. भार पन्नास किलोंच्या वर गेल्यास वजनाऐवजी इंधनाचा प्रवाहच आखडला जातो. मग तीच गाडी वळणाआधी लवकर ब्रेक मागते, तिचे टायर लवकर झिजतात, आणि गेल्या खेपेचा विजेता दहाव्या क्रमांकासाठी झगडताना दिसतो.

या व्यवस्थेस आक्षेप नाहीत असे नव्हे. कष्टाने साधलेल्या उत्कर्षावर हा करच आहे. शिवाय जेथे पोडियम सोडून पाचवे येणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते, तेथे चालकाइतकेच कारकुनी डोकेही लागते, ही टीका मला पूर्णपणे खोटी वाटत नाही. तरी 1996 चे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. त्या वर्षी मॅक्लारेन एफ1 जीटीआर या परदेशी मोटारीवर डेव्हिड ब्रॅबहॅम आणि जॉन नील्सन यांनी अजिंक्यपद पटकावले, म्हणजे वजनाचे शास्त्र असूनही उत्तम गाडी शेवटी उत्तमच ठरली. तिला अडविण्याचे सामर्थ्य त्यात नव्हते, फक्त तिचा जय महाग करण्याचे होते.

नियमकर्त्यांनीही आपल्या न्यायाची हद्द जाणून एक मुभा राखली आहे. अखेरच्या आधीच्या शर्यतीत दर गुणामागचे वजन निम्म्यावर येते आणि अखेरच्या शर्यतीत ते मुळीच उरत नाही. मलेशियातील सेपांग येथेही फेऱ्या होऊ लागल्यावर 'अखिल जपान' हे बिरुद अडचणीचे ठरले आणि 2005 पासून मालिका 'सुपर जीटी' या नावाने चालू झाली; नाव पालटले, पण पट्ट्या मात्र कोणी काढल्या नाहीत.