प्रवासात मोबाइलवर काम: सातारा-सांगली मार्गावर निघण्यापूर्वी काय तयारी हवी?

सातारा ते सांगली हे रस्त्याने सुमारे सव्वाशे किलोमीटरचं अंतर. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, विमा एजंट, हळद-बेदाण्याचे व्यापारी अशा अनेकांना कामासाठी ही ये-जा करावी लागते. कराड, पेठ नाका मार्गे एसटीने जा किंवा कोरेगाव, कराड, किर्लोस्करवाडी मार्गे रेल्वेने, हे तास मोबाइलवर काम उरकायला वापरता येतात. अडचण असते ती रेंजची.

रेंज का जाते?

गाडी धावत असताना फोन एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर जात राहतो. टॉवर लांब असेल, मध्ये डोंगर किंवा बोगदा आला, की संपर्क तुटतो. म्हणून प्रवासात उपयोगाचं ॲप तेच, जे नेट गेल्यावरही चालतं.

फाइल फोनमध्ये आहे का?

गूगल ड्राइव्हमध्ये फाइलचं नाव दिसलं, म्हणजे ती फोनमध्ये आहे असं नाही. निघण्यापूर्वी फाइलशेजारच्या तीन टिंबांवर टॅप करून ती ऑफलाइन ठेवण्याचा पर्याय निवडा. मग डॉक्स आणि शीट्समध्ये नेटशिवायही बदल करता येतात. नेट आल्यावर ते बदल आपोआप सेव्ह होतात.

जीमेलमध्ये नेट नसताना पाठवलेला मेल आउटबॉक्समध्ये थांबतो. दरपत्रक वेळेत पोहोचायला हवं असेल, तर मेल खरोखर गेला का, हे रेंज आल्यावर तपासा.

टायपिंग आणि कागदपत्रं

हलत्या बसमध्ये टाइप करणं त्रासाचं. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसाठी बोलून टाइप करण्याची सोय आणली. नावं आणि आकडे मात्र पाठवण्यापूर्वी वाचून पाहा.

डिजिलॉकरमध्ये सरकारी विभागांनी थेट दिलेली कागदपत्रं कायद्याने मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहेत. स्वतः फोटो काढून अपलोड केलेल्या कागदाला तो दर्जा नाही.

वाय-फाय आणि चार्जिंग

देशातल्या ६,००० हून अधिक रेल्वे स्थानकांवर रेलटेलचं वाय-फाय आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकल्यावर रोज पहिली ३० मिनिटं ते मोफत मिळतं. मोठी फाइल डाउनलोड करायला ते ठीक, पण बँकेचे व्यवहार स्वतःच्या मोबाइल डेटावरच करा.

सार्वजनिक यूएसबी पोर्टमधून फोनमधली माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या पुस्तिकेत आहे. स्वतःचा चार्जर साध्या प्लगला लावणं किंवा पॉवर बँक बाळगणं जास्त सुरक्षित.

स्वतः गाडी चालवत असाल तर?

मग काम बंद. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं हा धोकादायक ड्रायव्हिंगचा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. फोन घ्यायचाच असेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवा.

एक मिनिटाची चाचणी

घरातून निघण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा. आता लागणारी प्रत्येक फाइल उघडून पाहा. जी उघडली नाही, ती वाटेत रेंज गेल्यावरही उघडणार नाही. नेट सुरू करून ती लगेच ऑफलाइन करून घ्या.