गळ आणि गळा

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या घरी आई कापूस घेऊन ओसरीवर बसते. सरकी काढलेला कापूस ती बोटांनी हलकेच मोकळा करते, चिमटीला किंचित राख लावते आणि आंगठा व तर्जनी यांच्यामध्ये असा काही पीळ देते, की विस्कटलेल्या तंतूंची बघता बघता वात होते. मी एकदा प्रयत्न केला, तर वातीऐवजी सुरवंट झाला. आई म्हणाली, "वात वळाले मन लागते रे बापा, बोटं तर माकडालेही असतात."

अगदी हीच चिमूट, हाच पीळ, सातासमुद्रांपलीकडे स्कॉटलंडातही चालत आला आहे. फक्त तिथे कापसाऐवजी जनावराची लव असते आणि तयार होते ती वात नव्हे, तर सॅमन माशाला भुलविणारी खोटी माशी.

वाचक म्हणतील, नांदगावात बसून गुरुजींना स्कॉटलंडचे मासे कुठून आठवले? त्याची एक गोष्ट आहे, आणि ती मला फारशी भूषणावह नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाने वहीत ठेवून एक पीस आणले. त्याचा मामा मेळघाटात राहतो. तिथे रानात सापडले म्हणाला. काळसर-राखी पीस, आणि टोकाला मेणाचा थेंब सांडून थिजावा तसा पिवळसर पांढरा, चकचकीत ठिपका. जणू पिसाला डोळा फुटला होता. ते राखी रानकोंबड्याच्या मानेचे पीस. पिसाची मधली काडीच टोकाशी चपटी होऊन मेणासारखी चकाकते, म्हणून तो ठिपका दिसतो. मी वर्गात ते उंच धरून दाखविले, तोंड भरून स्तुती केली आणि पोराची पाठ थोपटली. मग कुतूहल जागे झाले. या पिसाविषयी जे हाती लागेल ते वाचत सुटलो आणि पाहता पाहता मेळघाटातून थेट स्कॉटलंडच्या नदीकाठी जाऊन पोहोचलो.

तिथली सॅमनची शिकार म्हणजे साहेबांचा मोठा शौक. ही 'माशी' बांधण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. गळ चिमट्यात घट्ट धरायचा. रेशमी धाग्याला मेण चोळायचे. त्या चिकट धाग्यावर सील नावाच्या समुद्री प्राण्याची रंगविलेली लव विरळ पसरून चिमटीने पीळ द्यायचा आणि तो केसाळ धागा गळाच्या दांडीभोवती गुंडाळायचा. झाले माशीचे अंग. सीलची लव ताठ आणि चमकदार. पाण्यात प्रकाश तिच्यातून आरपार खेळतो. त्यावर कलाबतूचे वेढे द्यायचे आणि शेवटी पिसांचे पंख बांधायचे.

एकोणिसाव्या शतकात या माश्या म्हणजे दागिनेच झाले. 'डरहॅम रेंजर' नावाची एक नामांकित माशी घ्या. तिच्या अंगावर नारिंगी, तपकिरी आणि काळी अशी सीलच्या लवेची वलये. पंखांत चीनच्या सोनेरी फेझंट पक्ष्याची पिसे. आणि मधोमध आपल्या रानकोंबड्याची डोळेवाली पिसे! जॉर्ज केल्सन नावाच्या गृहस्थाने 1895 साली या माश्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. कोणत्या माशीला कोणते पीस आणि कोणत्या रंगाची लव, याच्या कृती त्यात पाककृतींसारख्या दिल्या आहेत. इंग्रजांची जहाजे जगभर फिरत होती, त्यामुळे पिसांना तोटा नव्हता. गंमत अशी, की त्यांतल्या एका तांबड्या पिसाला 'इंडियन क्रो', म्हणजे हिंदी कावळा म्हणत. पण तो पक्षी ना हिंदी ना कावळा, तो दक्षिण अमेरिकेतला! रानकोंबडा मात्र अस्सल आपला. सह्याद्री, सातपुडा, दक्षिणेतले डोंगर हेच त्याचे घर. हिंदुस्थानाबाहेर तो रानात आढळत नाही. आमच्या गावाहून अमरावती, परतवाडा करीत चिखलदऱ्याच्या बाजूला चढले, की पहाटे त्याची बांग कानी पडते.

आता या साऱ्या प्रकरणातली खरी मौज सांगतो. सॅमन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मनदीत परततो. तो नदीत शिरला, की खाणेपिणे सोडतो. आपल्या चातुर्मासातल्या कडक उपासासारखे! मग ज्याला भूकच नाही तो माशीवर झडप का घालतो? कोणी म्हणतात चिडून, कोणी म्हणतात जुन्या सवयीने. ते काहीही असो. पोट भरण्यासाठी तो येत नाही, एवढे खरे. म्हणजे ती सातरंगी माशी पाण्यातल्या कोणत्याच किड्यासारखी असण्याची गरज नव्हती. ती जितकी माशासाठी होती, त्याहून अधिक तिच्या मालकासाठी होती.

या शौकाची किंमत मात्र पक्ष्यांनी भरली. साहेबिणींच्या टोप्यांसाठीही तेव्हा पक्ष्यांची अपरिमित कत्तल चालली होती. अखेर 1902 मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची कातडी व पिसे देशाबाहेर पाठविण्यास बंदी घातली. 1921 मध्ये इंग्लंडने पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा केला. तरी रानकोंबड्याच्या मानेला परदेशात मागणी राहिलीच. स्वातंत्र्यानंतर 1960च्या दशकात तिची निर्यात बंद करावी लागली आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्याला देशातही अभय मिळाले. तिकडचे शौकीन आता पाळलेल्या रानकोंबड्यांवर भागवतात.

पण हाव कायद्याने मरत नाही. 2009 च्या जून महिन्यात लंडनमध्ये शिकणाऱ्या एका तरुण बासरीवादकाने इंग्लंडातल्या ट्रिंग गावच्या संग्रहालयाची खिडकी फोडली आणि पक्ष्यांची 299 कातडी पळविली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर निसर्गशास्त्रज्ञाने जमविलेलीही काही होती. कशासाठी? तर जुन्या पुस्तकांतल्या माश्या अस्सल पिसांनी बांधणाऱ्या शौकिनांसाठी! त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात कधी सॅमन धरलेला नसतो.

आणि इकडे नदीत काय झाले? विसाव्या शतकात कोळ्यांनी पिसांचे पंख सोडून साधे केस बांधून पाहिले. खारीच्या शेपटीचे, हरणाच्या शेपटीचे. सीलऐवजी बोकडाची लव पिळली. 'स्टोट्स टेल' नावाची माशी तर मुंगसासारख्या एका लहान प्राण्याच्या शेपटीच्या काळ्या केसांची. दिसायला अगदी गरीब. सॅमनने तिच्यावरही तशीच झडप घातली. माशाला हिंदी पीस आणि बोकडाची लव यांतला फरक कधी कळलाच नव्हता.

हे सारे वाचून मी खूश होतो. साहेबांच्या हावेवर वर्गात एक छान धडा घ्यावा, असेही मनात योजले होते. इतक्यात दिवाळीची सुटी संपली आणि तो मुलगा वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी घेऊन हसत पुढे आला. "गुरुजी, मामानं तुमच्यासाठी धाडलं. तुम्हाले लय आवडलं होतं ना!"

पुडीत रानकोंबड्याच्या मानेचे अख्खे कातडे होते. शंभर डोळे माझ्याकडे बघत होते. खालच्या कडेला रक्त वाळून काळे झाले होते.

मुलगा शाबासकीची वाट पाहत उभा होता. मी त्याला रागावू शकलो नाही. गळ मीच टाकला होता; माझ्या स्तुतीचाच तो गळ. केल्सनने ग्रंथ लिहिला, मी वर्गात पीस उंच धरले. तिकडे रानात त्याचा अर्थ एकच झाला. त्या दिवशीचा धडा मी घेतला खरा, पण साहेबांच्या हावेवर नाही, स्वतःच्या चुकीवर. पोरे इतकी शांत मी क्वचित पाहिली आहेत. शेवटी त्या मुलानेच विचारले, "मग गुरुजी, आवडलं तं सांगाचंच नाही का?" मी म्हणालो, "सांगायचं. पण ते जिथे आहे तिथे जाऊन पाहायचं, बाबा. इथे आणायचं नाही." पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच्याबरोबर मेळघाटात गेलो. मामा ओशाळला होता. पण पहाटे त्यानेच आम्हाला उठवून रानाच्या कडेला नेले. झाडीआड बांग झाली, राखी-सोनेरी झळक दिसली आणि नाहीशी झाली. तेवढेच. पुष्कळ झाले.

आज आई पुन्हा ओसरीवर वाती वळते आहे. तिच्या शेजारी बसून मीही एक वळली. जरा वाकडीच झाली. आई हसली आणि तीच वात तिने उंबऱ्याजवळच्या पणतीत घातली. म्हणाली, "जळू दे. उजेड काही वाकडा पडत नाही."