वसंतातले वाटसरू : जपानमधील ज्येष्ठांच्या सहलींचा पूर्वेतिहास

वय झालेल्या मंडळींनी दहा-बारा जणांचा लहानसा चमू करून वसंत ऋतूत जपानची सहल करावी, ही आपल्याकडे अगदी अलीकडची कल्पना समजली जाते. मुले मार्गी लागली, निवृत्तिवेतन सुरू झाले, गुडघे अजून साथ देत आहेत, तेव्हा एकदा जाऊन यावे, असा विचार आपल्या मंडळाच्या सभासदांतही वरचेवर ऐकू येतो. या सहलीला विमान आणि वातानुकूलित बस आज जोडली गेली असली, तरी तिची मूळ चौकट, म्हणजे थोडी माणसे, उतारवय, वसंताचा मुहूर्त, आधी ठरलेला मुक्काम आणि वाट दाखवणारा माणूस, ही जपानच्या भूमीवर निदान दोन-अडीचशे वर्षांपूर्वी बसलेली होती. त्या चौकटीचा हा थोडका इतिहास.

आरंभ रस्त्यापासून करावा लागतो. तोकुगावा इएयासूने १६०१ मध्ये एडो, म्हणजे आजचे टोकियो, आणि क्योटो यांमधील राजमार्गावर टप्प्याटप्प्याने घोडे व हमाल सज्ज ठेवण्याची व्यवस्था लावली. हाच प्रसिद्ध ‘टोकाइडो’. लांबी सुमारे ४९० किलोमीटर, वाटेत ५३ टप्पे, आणि पायी चालणाऱ्या धडधाकट माणसाला साधारण दोन आठवड्यांची मजल. १६३५ पासून सरदारांना आळीपाळीने एडोत येऊन राहण्याची सक्ती झाली. त्यांचे लवाजमे सतत जाऊ-येऊ लागल्याने वाटेवर उतारशाळा, चहाची दुकाने, नावाडी आणि पालखीवाले यांची दाटी झाली. सोय झाली ती सरदारांसाठी. लाभ मात्र पुढे सामान्य वाटसरूच्याही पदरी पडला.

परंतु रस्ता आहे म्हणून चालू लागावे, अशी मोकळीक कोणालाच नव्हती. शेतकऱ्याने गाव सोडायचे तर गावप्रमुखाचे किंवा मंदिराचे परवानापत्र हवे. हाकोने येथील चौकी १६१९ च्या सुमारास उभी राहिली आणि १८६९ पर्यंत चालली. तिचा मुख्य कटाक्ष दोन गोष्टींवर असे : एडोकडे येणाऱ्या बंदुका आणि एडोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया. सरदारांची कुटुंबे एडोत ओलीस ठेवलेली असत. त्यांपैकी कोणी वेष पालटून निसटू नये, म्हणून स्त्री-प्रवाशांची तपासणी करायला चौकीवर खास स्त्रियाच नेमलेल्या असत. आम्हां सरकारी नोकरांना खाजगी कारणासाठी देशाबाहेर जायचे तरी आधी कार्यालयाची लेखी परवानगी काढावी लागते. त्यामुळे या परवानापत्रांविषयी वाचताना मला ते जुने जग फारसे परके वाटले नाही.

या सर्व निर्बंधांत एक दार मात्र उघडे होते, आणि ते देवाचे. सूर्यदेवता अमातेरासूच्या इसे येथील मंदिराला जातो म्हटल्यावर सहसा कोणी अडवीत नसे. दर्शन झाल्यावर याच परवान्यावर क्योटो पाहावे, ओसाकाला नाटक पाहावे, वाटेत गरम पाण्याच्या झऱ्यांत चार दिवस अंग शेकावे, हे सर्वांना ठाऊक होते आणि अधिकाऱ्यांनाही ठाऊक होते. तीर्थयात्रेच्या पोटात सहल दडलेली असते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

आता खर्चाचा प्रश्न. खेड्यातल्या कुळाजवळ महिना-दोन महिन्यांच्या प्रवासाचा पैसा कोठून असणार? त्यासाठी लोकांनी जी युक्ती काढली, ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. गावात ‘को’ नावाची मंडळे असत. प्रत्येक सभासद ठराविक वर्गणी दर वर्षी देई. जमलेल्या रकमेत सर्वांचे जाणे होणे शक्य नसे; म्हणून चिठ्ठ्या टाकीत आणि ज्यांची नावे निघतील ते दोघे-चौघे त्या वर्षी गावाच्या वतीने इसेला जात. ज्यांची पाळी येऊन गेली ते पुढेही वर्गणी भरीत राहत. आपल्या भगिनी वर्गाला यात लगेच भिशी दिसेल, आणि ती उपमा चुकीची नाही. फरक इतकाच की भिशीत ज्याचा नंबर लागला त्याचा पैसा त्याचा होतो. येथे मात्र जाणारा हा प्रतिनिधी असे. त्याने राहिलेल्यांच्या नावाने प्रार्थना करायची, त्यांच्यासाठी देवळातील ताईत आणायचे, आणि परतल्यावर काय पाहिले ते सांगायचे. निघताना सर्व मंडळ गावाच्या वेशीपर्यंत पोहोचवायला येई आणि परतताना पुन्हा सामोरे जाई.

या मंडळांची इसेशी गाठ घालून देणारे ‘ओशी’ हे आजच्या सहल-व्यवस्थापकांचे खरे पूर्वज होत. ते देवळाशी संबंधित पुरोहित. हिवाळ्यात गावोगाव फिरून ताईत आणि पंचांगे वाटायची, आपल्या यजमान गावांच्या नोंदी ठेवायच्या, आणि ती मंडळी इसेला आली की त्यांना आपल्याच वाड्यात उतरवून घ्यायचे. जेवण, अंथरूण-पांघरूण, दर्शन आणि देवनृत्य, सर्व काही एका हिशेबात. त्र्यंबकेश्वरी किंवा काशीला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आपल्या आजोबा-पणजोबांची नावे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ही संस्था चटकन उमगेल. मेइजी सरकारने १८७१ मध्ये ओशींची प्रथा बंद केली.

ज्यांना अजिबात जाणे जमत नसे, त्यांपैकी काहींनी आपला कुत्रा पाठवल्याच्याही नोंदी आहेत. गळ्यात थोडी नाणी आणि कोठला कोण हे लिहिलेली चिठ्ठी बांधायची. वाटेवरचे प्रवासी त्याला एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर नेत, खाऊ घालीत आणि देवळातला ताईत बांधून परत पाठवीत. हिरोशिगेच्या चित्रांतही असा यात्रेकरू कुत्रा दिसतो.

दोन वर्षांपूर्वी मी एका चौदा जणांच्या सहलीत जपानला गेलो होतो. पन्नाशी उलटूनही चमूत सर्वांत धाकटा मीच. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या एक काकू होत्या. जपानी देवळांत एका घडीच्या वहीवर देवळाचे नाव आणि तारीख कुंचल्याने लिहून वर लाल शिक्का मारून देतात. बहुतेकांनी एकेक वही घेतली. काकूंनी दोन घेतल्या. दुसरी शेजारच्या वहिनींची. त्यांनी काकूंबरोबर दोन वर्षे पैसे साठवले होते आणि निघण्याच्या तीन महिने आधी त्यांचे पायच गेले. काकू प्रत्येक देवळात दोनदा रांगेत उभ्या राहत. इतरांचा खोळंबा होई आणि एक-दोघांनी तसे बोलूनही दाखवले. ‘को’ या संस्थेविषयी मी पुढे वाचले ते या काकूंमुळे. आजच्या सहलीत जुन्या यात्रेचे जवळजवळ सर्व काही शिल्लक आहे. राहिलेल्यांच्या वतीने जाणे तेवढे गळाले आहे. ही गळती लहान नाही, असे माझे मत आहे.

यात्रेकरूंत ज्येष्ठांचे स्थान वेगळे होते, ते ‘इन्क्यो’ या रिवाजामुळे. घरच्या कर्त्या पुरुषाने पन्नाशीच्या आसपास कारभार मुलाच्या स्वाधीन करायचा आणि स्वतः मोकळे व्हायचे. हा आपला वानप्रस्थ नव्हे. इन्क्यो घेतलेला माणूस वनात जात नसे. पुष्कळदा त्याच आवारातील वेगळ्या खोलीत राही आणि आजवर राहून गेलेले छंद पुरे करी. इनो तादाताका हे याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण. जन्म १७४५ चा, सावारा गावी मद्यनिर्मितीचा भरभराटीचा व्यवसाय. पन्नाशीला कारभार सोडून हा गृहस्थ एडोला गेला आणि आपल्याहून एकोणीस वर्षांनी लहान असलेल्या ताकाहाशी योशितोकी या खगोलज्ञाचा शिष्य झाला. १८०० मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, पृथ्वीच्या एका अक्षांशाची लांबी मोजावी म्हणून तो बराचसा स्वतःच्या खर्चाने उत्तरेकडे एझो बेटाला निघाला. पुढे सुमारे सतरा वर्षे त्याच्या मोजणीच्या मोहिमा चालू होत्या. अंशाची लांबी त्याने काढली ती सुमारे ११०.७ किलोमीटर, आजच्या मापाच्या अगदी जवळची. १८१८ मध्ये तो वारला, आणि नकाशा पुरा होऊन १८२१ मध्ये सादर होईपर्यंत शिष्यांनी त्याच्या मृत्यूची वार्ता बाहेर फुटू दिली नाही.

स्त्रियांनाही उतारवयच थोडी मोकळीक देई. शिनानो प्रांतातील मात्सुओ तासेको ही शेतकरी घरातील कवयित्री. संसार आणि मुलेबाळे मार्गी लावून १८६२ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, क्योटोला गेली आणि तेथील राजकीय धामधुमीत प्रत्यक्ष वावरली.

चमू लहान असावा, हेही जुन्या लोकांनी अनुभवाने ठरवलेले आहे. यासुमी रोआन याने १८१० मध्ये प्रवाशांसाठी सूचनांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. सोबती पाच-सहाच असावेत, असे तो बजावतो. कारण माणसांचे स्वभाव भिन्न आणि वाट लांब, भांडण व्हायला वेळ लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस सावकाश चालून पावलांना सवय करावी, हाही त्याचाच सल्ला. तिकडे ओसाकात १८०४ मध्ये सचोटीच्या उतारशाळांचा एक संघ स्थापन झाला होता. त्याची पाटी जेथे दिसेल तेथे जुगार किंवा अन्य गैरप्रकार यांची भीती न बाळगता उतरावे, असा संकेत होता. एकट्या वाटसरूला उतारशाळावाले पुष्कळदा जागाच नाकारीत, तेव्हा सोबत ही चैन नसून गरज होती.

आता वसंताचा मुहूर्त. भाताची लावणी सुरू होण्यापूर्वी शेतकऱ्याला सवड असे, हे त्याचे रोकडे कारण. बर्फ वितळलेले, घाट मोकळे, आणि वाटेवर चेरीचा बहर. बहर पाहण्याचा सोहळा मूळचा दरबारी. हिदेयोशीने १५९८ च्या वसंतात क्योटोजवळील दाइगो मंदिराच्या डोंगरावर शेकडो झाडे आणून लावली आणि सुमारे तेराशे लोकांना, बहुतेक स्त्रियांना, बोलावून उत्सव केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो वारला. सामान्य जनांसाठी हा आनंद खुला केला तो आठवा शोगुन योशिमुने याने. १७२० च्या सुमारास त्याने एडोतील आसुकायामा टेकडीवर हजारावर चेरीची झाडे लावली आणि पुढे ती जागा लोकांना मोकळी केली.

आज पत्रकांवर दिसणारी फिकट गुलाबी चेरी मात्र इतकी जुनी नाही. ती ‘सोमेइ योशिनो’ नावाची जात, एकोणिसाव्या शतकात एडोतील सोमेइ येथील माळ्यांनी पसरवलेली. सर्व झाडे कलमाने वाढवलेली, जणू एकाच झाडाच्या फांद्या, म्हणून एका गावातली झाडे एकाच वेळी फुलतात आणि आठ-दहा दिवसांत एकाच वेळी झडतात. सहलीचे आरक्षण सहा महिने आधी होते आणि झाड आपल्या मर्जीने फुलते. क्योटोच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून आहेत. २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चलाच आला; बाराशे वर्षांच्या तोवरच्या नोंदींत तो सर्वांत लवकरचा होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याची तिकिटे काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अर्थात पाने फुटलेली चेरीही वाईट दिसत नाही.

परदेशी सहलींचा इतिहास त्या मानाने धाकटा. टॉमस कुक हा इंग्रज १८७२ मध्ये मूठभर प्रवाशांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तेव्हा स्वतः त्रेसष्ट वर्षांचा होता. त्या फेरीत तो जपानला उतरला आणि तेथील अंतर्गत समुद्राच्या शोभेवर लुब्ध झाला. ठराविक बंदरांपलीकडे जायचे तर परकीयांना १८९९ पर्यंत वेगळा परवाना लागे. जपानी लोकांच्या स्वतःच्या सहलीही जुन्याच वाटेने आधुनिक झाल्या : शिगा प्रांतातील मिनामी शिनसुके याने १९०५ मध्ये रेल्वेने यात्रेकरूंचे जथे कोया पर्वतावर व इसेला नेले आणि त्यातून देशातील पहिली प्रवासी कंपनी उभी राहिली. शिकोकु बेटावरील कोबो दाइशींच्या ८८ मंदिरांची सुमारे १२०० किलोमीटरची परिक्रमा १९५३ पासून बसनेही होऊ लागली. तेथील यात्रेकरूंचा पांढरा वेष हा मूळचा वाटेत मरण आले तर कफन म्हणून घातलेला. बसमधील आजीही तो घालतात, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी त्यावर सांडू नये म्हणून रुमाल पसरतात.

महाराष्ट्रातूनही एक वृद्ध प्रवासी त्या काळी जपानला जाऊन आला होता. टोकियोचे महिला विद्यापीठ नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये स्थापन केले. त्याविषयीची एक पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली, आणि तिच्या वाचनातून त्यांच्या मनातील महिला विद्यापीठाच्या कल्पनेला आकार आला. १९१६ मध्ये ते विद्यापीठ प्रत्यक्षात उतरले. ज्या संस्थेने ही प्रेरणा दिली ती पाहायला अण्णांना पुढे बरीच वर्षे थांबावे लागले. मार्च १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते परदेश दौऱ्यावर निघाले. इंग्लंड, युरोप आणि अमेरिकेत आपल्या संस्थेविषयी व्याख्याने देत ते जपानला पोहोचले आणि टोकियोचे ते विद्यापीठ त्यांनी पाहिले. एप्रिल १९३० मध्ये ते परतले. त्याच वर्षी डिसेंबरात संस्थेसाठी निधी जमवायला अण्णा पुन्हा बोटीत बसले, या वेळी आफ्रिकेला.