जवसाची फरशी

आमच्या वर्धेकडे जवस म्हणजे चटणी. त्यामुळे ‘लिनोलियम’ या शब्दातले ‘लिनम’ म्हणजे जवसाचेच झाड आणि ‘ओलियम’ म्हणजे तेल, हे समजले तेव्हा मी या फरशीच्या इतिहासामागे लागलो.

रंगाच्या उघड्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली चिवट साय फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज तरुणाने पाहिली. महागड्या रबराला हा पर्याय होईल, असे त्याच्या मनाने घेतले. १८६३ साली त्याने पेटंट मिळवले आणि पुढल्या वर्षी लंडनजवळ स्टेन्स येथे कारखाना काढला. उंच शेडमध्ये सुती कापड टांगायचे, त्यावर तेल सोडायचे, वाळू द्यायचे, पुन्हा सोडायचे. थर जाड व्हायला महिने लागत. मग तो दळून राळेबरोबर शिजवायचा, बुचाचा भुगा कालवायचा आणि तागाच्या गोणपाटावर लाटायचा. जवळजवळ सगळा माल झाडांचा!

माल उत्तम होता, पण गिऱ्हाईक नव्हते. पहिली पाच वर्षे तोट्यात गेली. मग वॉल्टनने जाहिरातींचा धडाका लावला आणि फक्त लिनोलियम विकणारी दोन दुकाने लंडनमध्ये उघडली. माझ्या मते पेटंटाइतकेच महत्त्व या दुकानांना आहे. अभ्यासक त्यांना एका ओळीत उरकतात. वर छापलेली नक्षी पायांनी झिजे, म्हणून रंग थेट तळापर्यंत उतरवण्याची रीतही त्याने पुढे बसवली. जर्मनीत तर डेल्मेनहॉर्स्टच्या कारखान्याने पेटर बेहरेन्सकडून नक्ष्या करून घेतल्या. १९०६ च्या ड्रेस्डेन प्रदर्शनातले त्यांचे दालनही त्यानेच उभारले. एईजीच्या विजेच्या उपकरणांना रूप देणारा तो हाच.

नाव मात्र वॉल्टनच्या कंपनीच्या हातून गेले. पेटंटाची मुदत संपताच स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डीच्या नेर्न यांनी तोच माल त्याच नावाने काढला. कंपनी कोर्टात गेली. या वस्तूला दुसरे नावच नाही, तेव्हा ते कोणा एकाचे राहू शकत नाही, असा निकाल १८७८ मध्ये लागला.

आणि जवस? त्या काळी वऱ्हाड-नागपूरकडचे जवस मुंबई बंदरातून विलायतेला जाई, तेही बहुतेक बियांच्याच रूपात. तेल तिकडे गाळले जाई. मागे उरलेली पेंडसुद्धा तिकडच्याच गुरांनी खाल्ली.