जिवतीचा कागद

स्वयंपाकघराच्या भिंतीला वॉलपेपर ही आपल्या पिढीची हौस वाटते. पण पुण्यातल्या स्वयंपाकघरांत छापील कागद फार आधी पोचलाय. श्रावण लागला की जिवतीचा कागद देव्हाऱ्याशेजारी लागतो, आणि देव्हारा बहुतेक घरांत स्वयंपाकघरातच असतो.

पूर्वी जिवती भिंतीवर गंधाने काढत. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली, १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि रंगीत देव साध्या घरांत आले.

कागदावर वरून खाली नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, शेवटी बुध-बृहस्पती. शोभेपेक्षा त्यामागे भीती मोठी होती. देवी, पटकी आणि १८९७ चा प्लेग पाहिलेल्या या शहरात मूल जगेलच याची खात्री कुणाला नव्हती. म्हणून श्रावणी शुक्रवारी आई जिवतीची पूजा करून मुलांना ओवाळायची.

आता लशी आहेत, मुलं जगतात, मोठी होतात आणि नोकरीसाठी दूर जातात. त्याचीही सोय या रीतीत आधीपासून आहे: मूल परगावी असेल, तर आई चारी दिशांना अक्षता टाकते. माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांसाठी पुण्यात कुणीतरी हे अजून करत असेल.